जिगरी मैत्रिणीवर जीव जडलाय? आधी घरचं गणित मांड, मग तिला विचार

वर मैत्रीण लिहिलंय, पण मित्र असला तरी सगळं तेच लागू आहे, त्यामुळं वाचताना आपापलं बदलून घ्या.

कोल्हापुरात हा विषय जरा जास्तच अवघड होतो कारण इथं मैत्री नुसती दोघांची नसतेच. ती तुझ्या आईला काकी म्हणते, रविवारी तांबडा-पांढरा असला की हक्कानं येऊन बसते, तिच्या धाकट्या भावाला तू पीटीएम-शिवाजीची फुटबॉल मॅच बघायला शाहू स्टेडियमला घेऊन गेलेला असतोस, दोघांचे बाबा एकमेकांना रस्त्यात थांबून बोलतात. म्हणजे उद्या काही बिनसलं तर एक मैत्रीण जात नाही, दोन घरांचं येणंजाणं जातं. म्हणून "बोलून टाक रे, जास्तीत जास्त काय, नाही म्हणेल" हा जो सल्ला सगळा ग्रुप देतो तो मला अजिबात पटत नाही. नाही म्हणण्यापेक्षा लै वाईट गोष्ट असते. तिनं हो म्हणणं, मग दोन वर्षं लपून फिरणं, आणि मग एके दिवशी "घरचे तयारच नाहीत गं, मी काय करू सांग" असं तू तिला ऐकवणं. हे मी इतक्या जणींच्या बाबतीत बघितलंय की आता कुणी सांगायला लागलं की पहिला राग येतो आणि मग रडू येतं. त्या पोरीनं मैत्री पण घालवली, वय पण घालवलं, आणि वर घरच्यांचं ऐकून घेतलं ते वेगळंच.

माझं लग्न अशाच मैत्रीतून झालंय. तो लिंगायत, मी मराठा, दोघं एकाच कॉलेजात, एकाच ग्रुपमध्ये. त्यामुळं खाली जे लिहितेय त्यातलं फारसं काही ऐकीव नाही.

आधी हे नक्की काय आहे ते बघ

ग्रुपमधल्या दोघा-तिघांची लग्नं लागली की उरलेल्यांना एकदम एकमेकांबद्दल काहीतरी वाटायला लागतं. तिला स्थळ बघायला सुरुवात झाली, बायोडेटा तयार झाला, आणि तो तुलाच टाइप करायला दिला की छातीत कळ येते. हे खरं असू शकतं, पण ती नुसती आपलं माणूस दुसऱ्याकडं चाललंय याची भीतीही असू शकते. दोन्हीतला फरक ओळखायला मला एकच गोष्ट उपयोगी वाटते. तिच्या आयुष्यात तुझ्याशिवाय काहीतरी चांगलं घडलं, म्हणजे पुण्याला नोकरी लागली, परीक्षेत पोस्ट निघाली, तर तुला आधी आनंद होतो की आधी "म्हणजे आता ही जाणार" असं येतं? दुसरं येत असेल तर थोडं थांब. वाईट माणूस आहेस म्हणून नाही, अजून स्वतःचंच चाललंय म्हणून. गणपती ते दिवाळी एवढा तरी काळ जाऊ दे. तेवढ्यानं बरंच काही आपोआप निवळतं, आणि जे निवळत नाही ते मग खरं धरायला हरकत नाही.

आणि काही वेळा अशा असतात की तेव्हा बोलूच नये. तिचं नुकतंच ब्रेकअप झालंय, तिच्या घरी कुणी गेलंय, तिचा निकाल लागायचाय, किंवा सगळे पन्हाळ्याला गेलेत आणि दोघांपैकी कुणीतरी प्यायलंय. या वेळी मिळालेला होकार पण खरा नसतो.

खुणा शोधत बसू नको

रात्री दीडला रील पाठवते, गाडीवर मागं बसली की खांद्यावर हात ठेवते, डब्यातली शेवटची वडी तुझ्यासाठी ठेवते. यातल्या कशाचाही अर्थ लावू नको. आपल्याकडं मैत्रीत एवढी माया असतेच. थोडाफार अंदाज बांधायचा तर एवढंच बघ की स्वतःच्या पुढच्या आयुष्याचं बोलताना ती तुला त्यात धरते का, म्हणजे "आपण पुढं काय करायचं" असं निघतं का "मी पुढं काय करणार" असं. पण हा पण अंदाजच. कळतं ते विचारल्यावरच.

एक गोष्ट मात्र कडक सांगते. ग्रुपमधल्या कुणाला मध्यस्थ घालू नको. "तू जरा तिच्या मनातलं काढ की" असं एकदा कुणाला म्हणालास की संपलं, राजारामपुरीत बोललेलं शिवाजी पेठेत पोचायला तू गाडी स्टँडला लावेपर्यंतचा पण वेळ लागत नाही. आणि तिला ते तिसऱ्याकडून कळलं तर ती आधी चिडणार, मग विचार करणार.

घरचं गणित, म्हणजे खरं काम

हे तिला विचारायच्या आधी करायचं. सगळे उलटं करतात.

जात वेगळी आहे का, धर्म वेगळा आहे का, जात एकच असली तरी तुमच्यात शहाण्णव कुळी आणि बाकीचे असलं काही धरतात का, देवक एकच निघतं का, तुझी थोरली बहीण लग्नाची आहे का, तू एकुलता एक आहेस का, घरचं कर्ज तुझ्या पगारावर चाललंय का. हे सगळं आत्ताच कागदावर लिही. यातली एखादी गोष्ट "बघू पुढचं पुढं" म्हणून सोडलीस तर ती बरोबर नको त्या दिवशी समोर येते.

मग घरच्यांचा कल घे, पण थेट विचारून नाही. मी काय केलं ते सांगते. आई संध्याकाळी भाकऱ्या थापत होती, मी ओट्याला टेकून उभी होते आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं की आमच्यातल्या एकीनं जैन मुलाशी लग्न ठरवलंय. आईचा हात थांबला नाही. तिनं विचारलं, "घरच्यांनी करून द्यायचं ठरवलंय का पळून?" मी म्हटलं घरच्यांनीच. मग तव्यावरची भाकरी उलटवून म्हणाली, "करू देत की. पण त्या पोरीच्या आईचं काय झालं असंल, तिलाच बोलत्यात सगळी." तेवढ्यावरून मला कळलं की आईची अडचण जात नाहीच. तिला भीती आहे ती एकटी पडण्याची, जावा-नणंदा, भिशीच्या बायका, सगळ्या तिलाच विचारणार याची. त्यानंतर मी जे काही केलं ते आईला एकटं न पाडता केलं. सगळ्यात आधी तिला सांगितलं, बाहेरून काही कळू दिलं नाही, आणि मामाला तिच्या बाजूनं उभं केलं. बाबांचा विरोध होता, तो मामानंच मोडला.

तुझ्या घरात वेगळं निघेल. कुणाच्या घरात आजोबांचा शब्द चालतो, कुणाच्या घरात थोरल्या काकांचा, कुणाच्या घरात सगळं ठीक असतं पण गावाकडच्या भावकीची भीती असते. म्हणून ऐक. आपलं मत मांडू नको, वाद घालू नको, फक्त तीन-चार वेळा वेगवेगळ्या निमित्तानं असा विषय काढ आणि कोण काय बोलतं ते ऐक. प्रत्येक घरात एक तरी माणूस आपल्या बाजूचं निघतं. बहुतेक वेळा आत्या नाहीतर मामा, कधी कधी अगदी आजी. ते माणूस कोण हे तिला विचारायच्या आधी तुला माहीत पाहिजे.

यात एक गोष्ट मी मनापासून सांगते. आपल्या किती घरांत हॉलमध्ये शाहू महाराजांचा फोटो असतो, २६ जूनला हार घालतात. त्याच महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्याची मान्यता दिली, आणि नुसता कायदा करून थांबले नाहीत, कागलच्या घाटगे घराण्यातली नात्यातली मुलगी इंदूरच्या होळकरांच्या घरात द्यायचं ठरवलं, मराठा आणि धनगर अशी सोयरीक. हे घरात बोलता येतं. भांडताना नाही, भांडताना काढलं की "आम्हाला शिकवू नको" होतं. पण शांतपणे, आजोबांच्या शेजारी बसून, त्यांनाच विचारायचं की महाराजांनी हे का केलं असेल. मी असं झालेलं बघितलंय आणि त्या आजोबांनी नंतर स्वतः उठून पाव्हण्यांना फोन केले.

आता हे सगळं झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न. घरातले सगळे नाही म्हणाले, आईनं जेवण सोडलं, बाबांचं बीपी वाढलं, तरी मी हिच्या बाजूनं उभा राहणार का, आणि उभा राहिलो तर भाडं, किराणा, गॅस माझ्या कमाईत निघतं का. उत्तर "माहीत नाही" असेल तर अजून विचारू नको, आधी नोकरीचं बघ. उत्तर "नाही" असेल तर प्लीज विचारूच नको. मनात ठेव, त्रास होईल, होऊ दे, पण तिला त्यात ओढू नको. हे कडवट वाटेल पण मला याच्यापेक्षा प्रामाणिक काही सुचत नाही.

विचारायचं कुठं आणि कसं

नाही म्हणून तिला तिथून सहज निघता आलं पाहिजे. जागा, वेळ, शब्द, सगळं यावरूनच ठरवायचं.

म्हणजे पन्हाळा नको, जोतिबा नको, गगनबावडा तर नकोच, तिथं ती तुझ्या गाडीवर आलेली असते आणि नाही म्हटलं तरी तासभर तुझ्याच मागं बसून परत यायचं असतं. तो तासभर तिला काय वाटेल याचा विचार कर. रंकाळ्याची चौपाटी पण नको, भेळेच्या गाड्यांपाशी तुझी नाहीतर तिची मावसबहीण भेटणारच. गंगावेशचा दूध कट्टा म्हणजे अख्ख्या ग्रुपची जागा, तिथं हे बोलू नये. विद्यापीठाचा परिसर सकाळी चांगला, राजाराम तलाव चांगला, किंवा रंकाळ्यालाच पण गर्दीपासून लांबच्या बाजूला, उजेड असताना, चालत. चालताना बोलणं सोपं जातं कारण एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. तिनं तिची गाडी घेऊन यावं. "मी येतो घ्यायला" म्हणू नको.

वाढदिवस नको, केक नको, गुडघ्यावर बसणं नको, बाजूला मोबाईल धरून उभे असलेले मित्र तर अजिबात नको. चार लोकांसमोर विचारलं की तिला नाही म्हणायची सोयच राहत नाही, आणि तसा होकार घेऊन तू करणार काय?

शब्द साधे ठेव. असं काहीतरी:

"मैत्रीण म्हणून तू आहेसच. पण गेले काही महिने मला त्याच्या पुढचं वाटतंय, आणि मी लग्नापर्यंतचा विचार करून बोलतोय. घरी अडचण आहे, जातीवरून बाबा विरोध करतील, त्याचं काय करायचं ते मी ठरवलंय, ते पण सांगतो. तुला तसं वाटत नसलं तर सरळ नाही म्हण, मी परत विषय काढणार नाही आणि ग्रुपमध्ये कुणाला कळणार नाही. आत्ता उत्तर नको देऊस."

एवढं बोलून गप्प बस. इथं भल्याभल्यांचं चुकतं, समोरचं माणूस शांत झालं की हे घाबरून बोलत सुटतात, "म्हणजे तसं काही नाही, सोड, मी गंमत करत होतो". गंमत म्हणू नको. ती शांत आहे कारण तिच्या डोक्यात तिची आई, तिची बहीण, तुमची इतक्या वर्षांची मैत्री सगळं एकदम फिरतंय. तिला तेवढा वेळ लागणारच.

मेसेजवर विचारू नये असं सगळे म्हणतात, मला तसं वाटत नाही. समोर बोलताना जीभच वळत नसेल किंवा ती बेंगलोरला नोकरीला असेल तर नीट चार ओळींचा मेसेज चालतो. उलट तिला एकटीला वाचून विचार करता येतो. फक्त पाठवून झाल्यावर दर पाच मिनिटांनी निळी टिक बघत "वाचलंस का" विचारायचं नाही.

आणि वाचणारी मुलगी असेल तर तिला वेगळं सांगते, कारण आपल्याला घरातून, मैत्रिणींकडून एकच ऐकवलेलं असतं की पोरीनं आधी विचारू नये, किंमत राहत नाही. मीच विचारलं होतं. विद्यापीठाच्या रस्त्याला, सकाळी. त्यानं दोन दिवस मागितले, तिसऱ्या दिवशी हो म्हणाला. माझी किंमत कमी झाली नाही, उलट तो आजही लोकांना अभिमानानं सांगतो. जो मुलगा तू आधी विचारलंस म्हणून तुला हलकं समजेल तो मित्र म्हणून तरी कशाला ठेवायचा. तेवढं मात्र बघ की तो तुझे मेसेज दुसऱ्याला दाखवणाऱ्यातला नाही.

मित्र मित्रावर किंवा मैत्रीण मैत्रिणीवर, असं असेल तर अडचण अजून वेगळी असते. कायद्यानं प्रेम गुन्हा नाही, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट केलं. पण लग्नाला कायद्याची मान्यता अजून नाही, १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात कोर्टानं ते संसदेवर सोडलं. म्हणजे घरचं गणित मांडताना पुढं राहायचं कुठं, पैसे कसे, कुणाला सांगायचं, हे तुम्हाला दुप्पट नीट मांडावं लागतं. विचारायच्या आधी आपल्या मित्राचं अशा लोकांबद्दलचं बोलणं नीट ऐक. चेष्टा करणारा असेल तर थांब. तो प्रेमात नसला तरी निदान तुझं गुपित त्याच्यापाशी सुरक्षित राहील याची खात्री आधी पाहिजे.

उत्तर "नाही" असं आलं तर

"बरं. सांगितलंस ते बरं केलंस." एवढंच म्हण, चहा घे, घरी जा.

"का" विचारू नको. कारण विचारलं की ती काहीतरी सौम्य कारण देणार, जात म्हणेल, करिअर म्हणेल, घरचे म्हणेल, आणि तू ते कारण सोडवायला घेणार. तिला तू त्या अर्थानं आवडत नाहीस हे पुरेसं कारण आहे आणि ते सोडवायचं नसतं. नंतर काही आठवडे रोजचे फोन कमी कर आणि ते सांगून कर, "मला जरा वेळ लागेल, राग नाही". न सांगता गायब झालास तर तिला वाटणार मैत्री त्यासाठीच होती. ग्रुप भेटतो तिथं जात राहा, फक्त तिच्या शेजारची जागा धरून बसू नको. काकूंकडं जेवायला बोलावलं तर पहिल्या वेळी काहीतरी निमित्त सांग, दुसऱ्या वेळी जा.

परत विचारायचं नाही. सहा महिन्यांनी पण नाही. तिचं मन बदललं तर ती सांगेल, तिला तुझा नंबर माहीत आहे. नाही म्हटल्यावर मागं मागं फिरणं, क्लासबाहेर उभं राहणं, दुसऱ्या नंबरवरून मेसेज करणं, याला आपल्याकडं लोक अजून प्रेम म्हणतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ती भीतीच आहे, जिच्यावर जीव आहे तिलाच आपली भीती वाटावी यापेक्षा वाईट काय असणार.

रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही इथपर्यंत गेलं तर १४४१६ वर टेली मानस आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. लाजायचं नाही.

"विचार करून सांगते" असं उत्तर आलं तर थांब. एकदा तूच विचार, महिन्याभरानं, तेही हलकेच. तेव्हा पण पक्कं काही आलं नाही तर ते नाहीच धर.

हो आलं तर

आता घरच्या अडचणीचं जे मांडलं होतंस ते दोघांनी एकत्र बसून परत मांडायचं, कारण तिच्या घरचं तुला माहीत नसतं. आणि ग्रुपला लगेच सांगू नका. घरी कळायच्या आधी स्टेटसला काही टाकू नका. घरच्यांना बाहेरून कळलं की मूळ मुद्दा राहतो बाजूला आणि "आम्हाला शेवटी सांगितलं" यावरच महिनाभर भांडण चालतं.

कायद्याचं थोडं नीट सांगते कारण यात लोकांचे लै गैरसमज आहेत. दोघंही हिंदू असाल, जात कुठलीही असो, तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागतो, आणि त्यात लिंगायत, जैन, बौद्ध, शीख सगळे धरलेले आहेत. म्हणजे आमच्यासारख्या जोडप्याला कोर्ट मॅरेजची गरज नव्हती, साध्या विधीनं लग्न करून नोंदणी केली आणि सर्टिफिकेट घेतलं. धर्म वेगळा असेल आणि दोघांना आपापला धर्म ठेवायचा असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण पाहिजे, दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेलं पाहिजे, नोटीस द्यायची, ती ऑफिसात बोर्डावर लागते, ३० दिवसांनी लग्न, आणि नोटिसीपासून तीन महिन्यांच्या आत केलं नाही तर परत नवी नोटीस.

दोन गोष्टी इथं लक्षात ठेवा. एक, पुण्यात नोटीस दिली म्हणजे कोल्हापुरात कळणार नाही असं नाही, कायम पत्ता इथला असेल तर नोटिशीची प्रत इथल्या ऑफिसला येते आणि इथं पण लागते. म्हणून नोटीस द्यायच्या आधी घरी सांगून झालेलं असावं किंवा मग तेवढी तयारी तरी असावी. दुसरं, हरकत कुणीही घेऊ शकतो पण कारण कायद्यातलंच लागतं, आधीचं लग्न आहे, वय कमी आहे, मनानं संमती द्यायची क्षमता नाही, नातं निषिद्ध आहे. "आम्हाला पसंत नाही" हे त्यात बसत नाही.

दोघांपैकी एकजण अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातला आणि दुसरा सवर्ण असेल तर राज्य सरकारचं ५०,००० रुपये अर्थसहाय्य मिळतं, अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात. पैशासाठी कुणी लग्न करत नाही, पण भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट त्यातून निघतं, घ्यायला लाजू नका.

घरी सांगायचा दिवस निवडताना सण टाळा, कुणाचं लग्नकार्य चाललंय ते टाळा. आपापल्या घरी आपण आपणच सांगायचं, तिच्या घरी तू जाऊन बसायचं नाही, निदान पहिल्या दिवशी. आपल्या बाजूचं जे माणूस शोधून ठेवलंय ते त्या वेळी घरात असावं. पहिल्या दिवशी होकार मिळणारच नाही, तो मागू पण नका. "मी हे ठरवलंय, तुम्हाला वेळ लागेल, घ्या" एवढं सांगून रोजचं वागणं चालू ठेवा. आमच्याकडं बाबा बरेच महिने बोलत नव्हते, पण मी रोज सकाळी त्यांना चहा नेऊन देत होते आणि ते तो घेत होते.

पण सगळी घरं अशी नसतात. मोबाईल काढून घेतला, खोलीत कोंडलं, घाईनं दुसरीकडं लग्न ठरवलं, मारायची भाषा सुरू झाली, तर ते मायेपोटी चाललंय असं समजून थांबू नका. ११२ ला फोन करा, मुलींसाठी १८१ पण आहे. २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची, जमातीची परवानगी लागत नाही, आणि अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात पोलिसांचा विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा. तालुक्याच्या ठाण्यात ओळखीपाळखीचा प्रश्न येत असेल तर थेट पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. आणि भावकीनं, समाजानं वाळीत टाकायची धमकी दिली तर त्याला २०१६ चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे नुसतं शांतपणे बोलून दाखवलं तरी बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो.

कागदपत्रं आधीच स्वतःजवळ ठेवा. आधार, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा पुरावा, फोटो, जातीचा दाखला लागणार असेल तर तो. आईच्या कपाटात ठेवलेला दाखला ऐन वेळी सापडत नाही, आणि का पाहिजे विचारल्यावर सांगता पण येत नाही. विशेष विवाह कायद्याला साक्षीदार तीन लागतात. ते ग्रुपमधलेच घ्याल, पण आधी त्यांच्या घरी काय होईल ते पण त्यांना विचारा, कारण नंतर तुमच्या घरचे पहिला फोन त्यांच्या बाबांना लावतात.